मर्ज दिसला म्हणून मार्क कापू नका

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

इंजिनिअरिंगच्या फायनल इयरच्या प्रोजेक्टांचे रिव्ह्यू सुरू झालेत आणि आपल्या भागातल्या एका कॉलेजात (नाव घेत नाही, कारण हे त्या एकाच कॉलेजात होतंय असं नाही) मुलांना सांगून ठेवलंय की गिटच्या हिस्टरीत मर्ज कमिट दिसली की मार्क कापणार, सगळं रिबेस करून एका सरळ रेषेत आणून दाखवा (या शब्दांचे अर्थ खाली सांगतो). आपल्या पेपरात शिक्षणाच्या प्रश्नांवर पत्रं छापून येतात, सर लोक वाचतात, पालकही वाचतात, म्हणून हे तुम्हाला लिहितोय. विषय थोडा टेक्निकल आहे पण ज्यांच्या घरात कॉम्प्युटर सायन्सचं पोरगं किंवा पोरगी आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावं, कारण या एका नियमामुळे एकाचं काम दुसऱ्याच्या नावावर जातंय आणि चालू असलेला प्रोजेक्ट रिव्ह्यूच्या आदल्या रात्री मोडतोय.

माझं टिळकवाडीत छोटं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे, उद्यमबागच्या फाउंड्रीवाल्यांना आणि मशीन शॉपवाल्यांना स्टॉक, बिलिंग, डिस्पॅच असली सॉफ्टवेअर करून देतो. प्रोजेक्टची मुलं अडली की येतात, बसतात, बघून देतो. दरवर्षी काय ना काय असतंच, पण यंदा आलेल्या बहुतेक सगळ्यांचं दुखणं एकच, रिबेस करायला गेले आणि सगळं विस्कटलं.

आधी गिट म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. लिनक्स बनवणारे लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ च्या एप्रिलमध्ये गिट लिहायला घेतलं. त्याआधी लिनक्सच्या कर्नलचं (म्हणजे गाभ्याचं) काम बिटकीपर नावाच्या सॉफ्टवेअरवर चालायचं, त्याचा फुकट वापर बंद झाला आणि मग स्वतःचंच बनवायची वेळ आली. चार जण एकाच प्रोग्रामवर काम करत असले तर कोणी, कधी, काय बदललं याची नोंद गिट ठेवतं. एका नोंदीला कमिट म्हणतात. कमिटमध्ये काय काय असतं बघा: त्या वेळेचा सगळ्या फाइलींचा फोटो, लिहिणाऱ्याचं नाव, नोंद करणाऱ्याचं नाव, तारीख, मेसेज आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आधीची कमिट कुठली. या सगळ्यावरून गिट एक ४० अक्षरांचा हॅश काढतं, ती त्या कमिटची ओळख. आधीची कमिट बदलली की हॅश बदलला, हॅश बदलला की ती वेगळीच कमिट झाली, भले आतला कोड अक्षर न अक्षर तोच असो. पुढचं सगळं रामायण या एका गोष्टीतून निघतंय.

आता दोघं वेगवेगळ्या ब्रांचवर, म्हणजे नोंदींच्या वेगळ्या फाट्यावर, काम करतात आणि ते एकत्र आणायचंय. मर्ज केलं तर गिट दोन्ही ब्रांच जिथून फुटल्या ती जागा शोधतं, तिथपासून ह्याने काय बदललं आणि त्याने काय बदललं ते बघतं आणि एक नवीन कमिट टाकतं जिला दोन आई-बाप असतात. जुन्या कमिटना हात लावत नाही. रिबेस केलं तर तुमच्या कमिट एकेक करून उचलतं आणि समोरच्याच्या शेवटच्या कमिटच्या पुढे नव्याने लिहितं. दिसायला सरळ रेघ दिसते, पण त्या सगळ्या नव्या कमिट असतात, नवीन हॅशच्या, जुन्या बाजूला पडतात. दोन्हीत शेवटी कोड एकच होतो असं वर्गात सांगतात आणि ते बहुतेक वेळा खरंही असतं, पण कोड एकच झाला म्हणजे नोंद एकच झाली असं नाही, आणि मधे कॉन्फ्लिक्ट आला (एकच ओळ दोघांनी वेगवेगळी बदललेली निघाली) तर कोडही एकच होईल याची खात्री नाही.

यंदा आलेल्या एका ग्रुपचं काय झालं ते जरा जवळून सांगतो. चार जण. एक निपाणीचा, तो ग्रुप लीडर. एक गोकाकचा, घरी कन्नड, इथे येऊन मराठी चांगलं बोलायला लागलाय. एक मुलगी शहापूरची आणि एक खानापूर तालुक्यातली, जांबोटीच्या बाजूची. प्रोजेक्ट चांगला घेतलेला, ऊस घातलेल्या शेतकऱ्याने काट्यावरच्या पावतीचा फोटो काढायचा, ॲपने वजन वाचायचं आणि सीझनभराची बेरीज ठेवायची. चिकोडी-निपाणी भागात हे किती कामाचं आहे ते सांगायला नको.

यात एक ओळ होती निव्वळ वजन काढायची. शहापूरच्या मुलीने त्या ओळीत किलोचे टन केले, म्हणजे हजाराने भागलं. त्याच वेळी गोकाकच्या मुलाने आपल्या ब्रांचवर त्याच ओळीत भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं. दोघांचं मर्ज करताना कॉन्फ्लिक्ट आला, दोघं शेजारी बसले आणि ओळ नीट केली, भरलेली वजा रिकामी आणि मग भागिले हजार. ही नीट केलेली ओळ कुठे राहिली? मर्ज कमिटमध्ये. फक्त तिथेच.

रिव्ह्यूच्या आधी निपाणीच्या मुलाने रात्री बसून मेन ब्रांच (सगळ्यांची सामाईक) रिबेस करायला घेतली, कारण मर्ज दिसला की मार्क जाणार. साधं रिबेस करताना गिट मर्ज कमिट वगळूनच टाकतं, तसं न करण्याचा वेगळा पर्याय आहे पण तो मुलांना कोणी सांगितलेला नसतो आणि इथे तर मर्ज घालवायचेच होते. मर्ज गेला म्हणजे त्यात मिटवलेलं भांडणही गेलं, तो कॉन्फ्लिक्ट परत समोर आला, यावेळी रात्री, आणि ते दोघं शेजारी नाहीत. एडिटरमध्ये दोन बटणं येतात, करंट ठेवा की इनकमिंग ठेवा. मर्ज करताना करंट म्हणजे आपली ब्रांच. रिबेस करताना हे उलटं होतं, करंट म्हणजे ज्याच्यावर कमिट रचत चाललोय ते आणि इनकमिंग म्हणजे आत्ता जी कमिट लावतोय ती. त्याला वाटलं करंट म्हणजे आत्ताचं ताजं, त्याने ते दाबलं. वजाबाकी गेली. पुढे टायपो दुरुस्तीच्या वगैरे किरकोळ कमिट स्क्वॉश करून मोठ्या कमिटमध्ये घातल्या आणि मेन फोर्स पुश केली, म्हणजे सर्व्हरवरच्या जुन्या मेनच्या जागी जबरदस्तीने ही बसवली. रेघ एकदम सरळ.

रिव्ह्यूत डेमोला पावती टाकली, भरलेली गाडी १८,४०० किलो, रिकामी ६,२०० किलो, निव्वळ यायला पाहिजे १२.२ टन. ॲपने दाखवलं १८.४. सरांनी गोकाकच्या मुलाला विचारलं, वजाबाकी तुझ्याकडे होती ना, केली नाहीस का. तो म्हणतोय केली सर, आणि दाखवायला गेला तर मेनवर काहीच नाही.

खानापूरची मुलगी या सगळ्यात नव्हती. तिकडे पावसात लाइट आणि रेंज दोन्ही जातात, ती घरी बसून आपल्या ब्रांचवर कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांतल्या स्क्रीनचं काम करत होती. गिटची गंमत हीच की नेट नसलं तरी कमिट करता येतंय, टोरवाल्ड्सनी ते तसंच बनवलंय, प्रत्येकाच्या लॅपटॉपवर पूर्ण हिस्टरी. ती हॉस्टेलला आली, मेन ओढून आपल्या ब्रांचमध्ये मर्ज केली तर जुन्या कमिटही आणि त्याच कामाच्या नवीन कमिटही, सगळं डबल दिसायला लागलं. ते परत मागे घेतलं आणि रिबेस करून बघितलं तर कॉन्फ्लिक्टमागून कॉन्फ्लिक्ट. माझ्यासमोर बसून म्हणाली, "सर, ही ओळ मी लिहिलेलीच नाही की, मला का विचारतंय हे?" बरोबर विचारलं तिने. तिची ब्रांच जुन्या मेनवरून फुटलेली, त्यामुळे जुन्या मेनच्या कमिटही गिटला तिच्याच वाटल्या. बदल जसाच्या तसा असेल तर गिट ओळखतं की हे आधीच आलंय आणि ती कमिट सोडून देतं, पण इथे स्क्वॉश केल्यामुळे चार बदलांचा एक गठ्ठा झालेला, ओळखणार कसं.

सुटलं कसं तेही सांगतो. तिच्या लॅपटॉपवर जुनी मेन शाबूत होती. तिथून गोकाकच्या मुलाची वजाबाकी आणि ती मर्जमधली ओळ दोन्ही परत मिळाली. आणि तिचं स्वतःचं काम नवीन मेनवर आणायला रिबेसचाच ऑन्टू नावाचा पर्याय वापरला, ज्यात आपण गिटला स्पष्ट सांगतो की जुन्या मेनच्या या कमिटनंतरचं तेवढंच उचल आणि त्या नवीन जागी लाव. म्हणजे बघा, मी रिबेसच्या विरोधात नाही, रिबेसनेच मार्ग निघाला. विरोध आहे तो सगळ्यांची सामाईक ब्रांच रिबेस करायला लावण्याला.

निपाणीच्या मुलाला मी एक शब्द बोललो नाही. त्याला सांगितलं तेच त्याने केलं.

आता मार्कांचं बोलतो कारण नियम करणाऱ्यांचा सगळा भर त्याच्यावर आहे. हिस्टरी कशाला बघायची? कोणी किती काम केलं ते कळायला. मग ज्या नोंदीवरून मार्क द्यायचे तीच नोंद मुलांना पुसून परत लिहायला सांगायची हे कुठल्या हिशोबात बसतं? रिबेसमध्ये कमिट लिहिणाऱ्याचं नाव तसंच राहतं हे खरं, पण कमिट करणारा म्हणून रिबेस करणाऱ्याचं नाव लागतं. कमिट करण्याची तारीखही त्या रात्रीचीच लागते. साध्या लॉगमध्ये (कमिटच्या यादीत) लिहिणाऱ्याची जुनी तारीख दिसते आणि दुसरीकडे बघितलं तर सगळ्या कमिट एका रात्रीत केलेल्या दिसतात, मग सरांना वाटतं मुलांनी शेवटच्या दिवशी कुठूनतरी आणून टाकलं. स्क्वॉशमध्ये तर अजून वाईट. दोघांच्या कमिट एकात घातल्या की पहिल्या कमिटवाल्याचं नाव राहतं, दुसऱ्याचं जातं, मुद्दाम सह-लेखक म्हणून मेसेजच्या खाली ओळ घातली तरच राहतं. शहापूरच्या मुलीच्या कितीतरी किरकोळ दुरुस्त्या अशाच दुसऱ्याच्या नावाखाली गेल्या. दुरुस्त्या किरकोळ म्हणायच्या, पण दुसऱ्याच्या कोडमधल्या चुका बसून काढणं हे काम नाही का? माझ्या ऑफिसात मी असल्या पोरीला आधी घेईन.

आता सरांची बाजू. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. मुलं रोज सकाळी आली की मेन आपल्या ब्रांचमध्ये मर्ज करतात, गरज असो नसो, आणि मग लॉग उघडला की निम्म्या कमिट नुसत्या मेन मर्ज केली, मेन मर्ज केली अशाच. त्यातून खरं काम शोधणं म्हणजे डोक्याला ताप आहे, एका सरांकडे किती ग्रुप असतात ते मला माहीत आहे. पण यावर औषध वेगळं आहे. मेनमध्ये प्रत्येक ब्रांच मर्ज कमिट करूनच आणली, फास्ट-फॉरवर्ड (मर्ज कमिट न करता मेन नुसती पुढे सरकवणं) होत असलं तरी मर्ज कमिट टाकायला लावली, आणि मर्ज कमिटला नीट मेसेज दिला की काट्याच्या पावतीवरून निव्वळ वजन काढणं, लिहिणारा अमुक, तर लॉग बघताना फर्स्ट-पॅरेंट नावाचा पर्याय आहे तो लावायचा. मग फक्त मेनवरची पहिली रेघ दिसते, एका कामाला एक ओळ. पाहिजे ती सरळ रेघ मिळाली, आणि कोणाची एक कमिटही मोडली नाही. आत काय झालं ते बघायचं असलं तर तेही तिथेच आहे. एवढा एक पर्याय माहीत असता तर हा नियम करायची वेळच आली नसती असं मला मनापासून वाटतं.

आणि रोजच्या त्या फुकटच्या मर्जचं काय? तिथे रिबेस वापरावं, खुशाल वापरावं. ब्रांच फक्त माझी आहे, अजून कोणाला दिलेली नाही किंवा दिली असली तरी त्यावर दुसरं कोणी काम करत नाही, तर रोज मेनवर रिबेस करावी, नको त्या कमिट एकत्र कराव्यात, मेसेज सुधारावेत आणि मग पुढे द्यावी. रविवार पेठेतल्या अडत दुकानात कच्च्या वहीत कितीही खाडाखोड चालते पण पक्क्या वहीत एकदा नोंद गेली की पान फाडत नाहीत, चुकलं तर खाली दुरुस्तीची नोंद घालतात, तसंच हे आहे. मेनवर चुकीचं गेलं तर रिव्हर्ट करावं, म्हणजे तो बदल उलटवणारी कमिट टाकावी, ती नवीन कमिट असते, जुनी पुसत नाही. मर्ज कमिट रिव्हर्ट करायची तर कुठला पालक मुख्य ते सांगावं लागतं, आणि एक लक्षात ठेवायचं, रिव्हर्ट केलेली ब्रांच दुरुस्त करून परत मर्ज केली तर जुनं काम परत येत नाही, आधी तो रिव्हर्टच रिव्हर्ट करावा लागतो. यात भलेभले अडकतात.

रिबेस केलेल्या कमिटबद्दल अजून एक गोष्ट आहे जी वर्गात कोणी सांगत नाही. खानापूरच्या मुलीने आपल्या घरी जी कमिट केली ती तिने चालवून बघितली होती, त्या वेळच्या मेनवर. रिबेस झाल्यावर ती कमिट दुसऱ्याच पायावर उभी राहिली. शेवटची कमिट चालवून बघतो आपण, मधल्या कोण बघतं? मग कधीतरी चूक कुठून आली ते शोधायला बायसेक्ट लावलं, म्हणजे हिस्टरी अर्धी अर्धी करत चुकीच्या कमिटपर्यंत जाणं, तर मधल्या कमिट कंपाइलच होत नाहीत. सरळ रेघेवर बायसेक्ट सोपं जातं असं म्हणतात आणि ते बरोबर आहे, पण रेघेवरची प्रत्येक कमिट चालणारी असली तर. रिबेसला एक्झेक म्हणून पर्याय आहे, प्रत्येक कमिट लावल्यावर टेस्ट चालवतो, तो वापरणारा विद्यार्थी मला अजून भेटायचाय. मर्जमध्ये हा प्रश्नच येत नाही, जी कमिट तपासली तीच तशीच राहते.

आणि कोणाला वाटत असेल की मर्ज म्हणजे कच्च्या लोकांचं काम, तर लिनक्सच्या कर्नलची हिस्टरी उघडून बघा. गिट बनवलंच त्याच्यासाठी आणि ती मर्जनी भरलेली आहे, दोनच काय त्याहून जास्त पालक असलेल्या मर्ज कमिटही आहेत तिथे. कर्नलच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमध्ये मेंटेनर लोकांसाठी रिबेस आणि मर्ज यावर वेगळं पान आहे आणि त्यात साफ लिहिलंय की बाहेर दिलेली हिस्टरी सहसा बदलू नये, कारण दुसऱ्यांनी त्याच्यावर काम उभं केलेलं असतं. त्याच पानावर हेही लिहिलंय की विनाकारण वरची ब्रांच सारखी आपल्यात मर्ज करत बसू नका. म्हणजे सरांची तक्रारही तिथे आहे आणि मुलांचीही. दोन्ही एकत्र वाचावं.

नोकरीचं कारण पुढे करतात, पुण्या-बेंगळुरात कंपन्यांना लिनिअर हिस्टरी लागते म्हणून आत्तापासून सवय लावतो. काही ठिकाणी लागते, काही ठिकाणी नाही. गिटहबवरच (गिटचे प्रोजेक्ट ठेवायची वेबसाइट) पुल रिक्वेस्ट, म्हणजे माझं काम मेनमध्ये घ्या अशी विनंती, आत घ्यायला तीन पद्धती आहेत, मर्ज कमिट करून, स्क्वॉश करून आणि रिबेस करून, नंतरच्या दोन २०१६ मध्ये आल्या. कुठली ठेवायची ते प्रत्येक टीम आपल्या कामाप्रमाणे ठरवते. पण मेनवर फोर्स पुश करायला तयार पोरं हवीत असं म्हणणारी टीम मी तरी बघितली नाही, उलट मेनला कुलूप घालून ठेवतात, प्रोटेक्टेड ब्रांच म्हणतात त्याला. इंटरव्ह्यूत मर्ज आणि रिबेसमधला फरक हमखास विचारतात. तिथे पोरगं म्हणालं की मर्ज चुकीचा आणि रिबेस बरोबर, कारण कॉलेजात मार्क कापायचे, तर समोरचा काय समजणार? आपल्या खानापूर-निपाणीच्या पोरांनी पोटाला चिमटा काढून शिकवणाऱ्या आई-बापांच्या जिवावर तिथपर्यंत जायचं आणि असल्या उत्तरासाठी परत यायचं हे मला सहन होत नाही.

गिटनेही हा प्रश्न आता प्रत्येकापुढे टाकलाय. २०२१ च्या २.३३.१ व्हर्जनपासून दोन्हीकडे वेगवेगळ्या कमिट झालेल्या असल्या आणि सेटिंग ठरवलेलं नसलं तर साधं पुल (सर्व्हरवरचं काम आपल्यात ओढणं) केल्यावर गिट थांबतं आणि विचारतं, मर्ज करू, रिबेस करू की फक्त फास्ट-फॉरवर्ड. पहिल्या वर्षाचं पोरगं तिथेच अडकतं, इंटरनेटवर जी पहिली ओळ मिळेल ती कॉपी करून मारतं आणि पुढे कायम तेच सेटिंग राहतं. त्याच वेळी दहा मिनिटं बसवून फळ्यावर दोन ब्रांच काढून दाखवल्या तर आयुष्यभर पुरतं. फळा, खडू आणि गोल काढता येणारे सर एवढंच लागतंय.

विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या बेळगावात आहे, माझा रोख विद्यापीठावर नाही. ज्या कॉलेजांत गाइड लोकांनी आपापल्या पातळीवर असले नियम केलेत त्यांना हात जोडून विनंती आहे. मर्ज कमिट मोजू नका. प्रत्येक ग्रुपला पहिल्याच आठवड्यात एक पान लिहून द्यायला सांगा की आम्ही आपली ब्रांच कशी ठेवणार, मेनमध्ये कसं आणणार, मेनला कुलूप कोणाच्या हातात. आणि रिव्ह्यूत बघा की त्यांनी लिहिलं तसं केलं का. एखादा कॉन्फ्लिक्ट आला असेल तर तो उघडून विचारा, या दोन ओळींतली कुठली का ठेवली. त्या एका उत्तरातून पोराला प्रोजेक्ट किती कळलाय ते समजतं, शंभर कमिट सरळ रेषेत बघून समजत नाही.

फोर्स पुश अगदी करायचाच असेल, स्वतःच्या ब्रांचवर, तर साधा फोर्स न वापरता फोर्स-विथ-लीज वापरा, मधे दुसऱ्या कोणी काही पुश केलं असेल तर तो नकार देतो. पण एडिटर मागच्या मागे आपोआप फेच करत (सर्व्हरवरच्या नव्या कमिट आणत) असेल तर ही राखण फसते, गिटला वाटतं तुम्ही ते बघितलंय, तेव्हा एडिटरमधलं ऑटो-फेच बंद ठेवा किंवा जोडीला फोर्स-इफ-इन्क्लूड्स लावा, २.३० व्हर्जनपासून आहे तो.

आणि ज्यांचं आत्ता असं झालेलं आहे त्या मुलांसाठी, रिव्ह्यू तोंडावर आहेत म्हणून घाईघाईत लिहितोय. क्लोन (लॅपटॉपवरची प्रोजेक्टची प्रत) डिलीट करून नवीन घेऊ नका, पहिल्यांदा हेच करतात आणि तिथेच सगळं जातं. ग्रुपमधल्या ज्याने बरेच दिवस पुल केलेलं नाही त्याला शोधा, त्याच्या लॅपटॉपवर जुनी मेन असणार, त्याला सांगा काही करू नको, आधी तिथून एक वेगळ्या नावाची ब्रांच काढून ठेव. ज्याने रिबेस केलं त्याच्या मशीनवर रिफ्लॉग बघा, ब्रांच आधी कुठल्या कमिटवर होती ते सगळं त्यात असतं, तो हॅश घेऊन ब्रांच काढली की जुनी हिस्टरी जशीच्या तशी परत. फक्त थांबू नका. बाजूला पडलेल्या कमिटच्या रिफ्लॉगमधल्या नोंदी डिफॉल्टने ३० दिवसच ठेवल्या जातात, त्यानंतर गिटची साफसफाई चालली की गेल्या. तेवढ्यात जमलं नाही तर लॅपटॉप आहे तसा घेऊन टिळकवाडीला या, संध्याकाळी सहानंतर मी ऑफिसातच असतो, पत्ता संपादकांकडे दिलेला आहे.

आपला,
एक वाचक
टिळकवाडी, बेळगाव